पंगतीतून उठताना

भरल्या पंगतीतून कोणाला उठवणे म्हणजे आपल्याकडे केवढी मानहानी! पाहुणा आगंतुक का असेना, एकदा पानावर बसला की जेवूनच उठायचा, हा आपला शिरस्ता. इंग्लंडातल्या फुटबॉलमध्ये मात्र दर वर्षी तीन जणांना पंगतीतून उठवतात, आणि तेही राजरोस, गुणांची बेरीज करून, सगळ्या गावादेखत. तिथल्या सर्वांत वरच्या स्पर्धेत, म्हणजे प्रीमियर लीगमध्ये, वीस संघ असतात. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे, एकदा आपल्या घरी आणि एकदा त्याच्या घरी. असे ३८ सामने. ऑगस्टपासून मेपर्यंत हे चालते. शेवटी जे तीन तळाला राहतील त्यांनी आपला पाट उचलून खालच्या वर्गात जायचे आणि खालच्या तिघांनी वर येऊन बसायचे. आपल्या आयपीएलमध्ये शेवटचा आलेला संघ पुढल्या चैत्रात पुन्हा त्याच पाटावर येऊन बसतो, लिलावात चार नवे गडी घेतो आणि झाले गेले विसरून जातो. तिकडे विसरायची सोय नाही.

२०२४-२५ च्या हंगामात पाट उचलण्याची पाळी लेस्टर सिटी या संघावर आली, आणि ती मी अगदी शेजारच्या घरातून पाहिली. मी फुटबॉलचा जाणकार नव्हे. माझी उभी हयात सोलापुरात एका कापडगिरणीच्या हिशेबखात्यात गेली. खेळ म्हणाल तर लहानपणी हुतूतू आणि पुढे रेडिओवरचे क्रिकेट. परंतु माझी लेक आणि जावई लेस्टरला असतात, आणि त्या वर्षी डिसेंबरच्या मध्यावर सहा महिन्यांचा व्हिसा घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. थंडी इतकी की घराबाहेर पडायची सोय नाही. घरात माणसे कामाला गेलेली. मग नातू शाळेतून आला की तो आणि त्याचा फुटबॉल, एवढेच माझे जग उरले.

लेस्टर हे इंग्लंडच्या मधोमध वसलेले शहर. एके काळी होजिअरीच्या कारखान्यांनी गजबजलेले. मोजे, बनियन, स्वेटर सगळ्या देशाला पुरवणारे. गिरणीतल्या माणसाला ते पहिल्या दिवसापासून ओळखीचे वाटते. त्याच लाल विटांच्या भिंती, ओळीने मांडलेल्या त्याच उंच खिडक्या आणि आत यंत्रांच्या जागी गोदामे नाही तर राहायच्या खोल्या. सोलापूरचे ऊन तेवढे नव्हते. बेलग्रेव्ह रोडवर मात्र आपण कोणत्या मुलखात आहोत याचा संभ्रम पडावा. साड्यांची दुकाने, सोन्याच्या पेढ्या, मिठाईचा वास. दिवाळीत त्या रस्त्यावर लागणारे दिवे पाहायला हजारो माणसे लोटतात. मी गेलो तेव्हा दिवाळी होऊन दीड महिना झाला होता.

माझा नातू जन्मला २ मे २०१६ ला. हा दिवस लेस्टरमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्या रात्री लंडनमध्ये चेल्सी आणि टॉटनहॅम यांची बरोबरी झाली आणि घरी बसल्या बसल्या लेस्टर सिटी इंग्लंडचा विजेता ठरला. हंगाम सुरू होताना पैज लावणारे या गोष्टीला एकास पाच हजार असा भाव देत होते. म्हणजे अशक्यच. माझी लेक प्रसूतिगृहात, आणि बाहेर रात्रभर गाड्यांचे भोंगे. तिला आधी वाटले कुठे आग लागली! त्याच्या आधीच्या वर्षी, २०१५ च्या मार्चमध्ये, त्या गावात तिसऱ्या रिचर्ड राजाच्या अस्थी समारंभाने पुरल्या होत्या. हा राजा १४८५ मध्ये लढाईत पडला, आणि त्याचा सांगाडा पाचशे वर्षांनी एका मोटारतळाच्या फरसबंदीखाली सापडला. तळाशी असलेला संघ त्यानंतरच लागोपाठ जिंकू लागला, तेव्हा राजाच पावला, असे म्हणणारी माणसे आजही भेटतात. आपण मात्र भाबडे!

तर असा हा मुलगा विजयाच्या भोंग्यांत जन्मला. अडीच वर्षांचा असताना, २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये, संघाचे थायलंडचे मालक विचाई श्रीवद्धनप्रभा यांचे हेलिकॉप्टर सामना संपल्यावर मैदानाबाहेरच कोसळले आणि त्यांच्यासह पाच जण गेले. दिवाळी अकरा दिवसांवर आली होती. पाच वर्षांचा झाला तेव्हा संघाने एफए कप जिंकला. सात वर्षांचा झाला तेव्हा संघ खालच्या वर्गात घसरला. आठ वर्षांचा झाला तेव्हा ९७ गुण मिळवून, पहिला येऊन, पुन्हा वर चढला. नऊ वर्षांच्या पोराने एवढे चढउतार पाहावेत! आम्ही चाळीस वर्षे एकाच खुर्चीवर बसून काढली.

शेजारी एक गुजराती गृहस्थ राहत. सगळे त्यांना भाई म्हणत, मीही म्हणू लागलो. आमची बोली ठरलेली होती: ते गुजराती बोलत, मी मराठी; अडले तिथे हिंदी. भाई मूळचे युगांडातले. १९७२ साली इदी अमीनने नव्वद दिवसांची मुदत देऊन आशियाई लोकांना देशाबाहेर काढले, त्यांतले ते एक. तेव्हा वय एकोणीस. लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की आमच्याकडे घरे नाहीत, शाळांत जागा नाही, तुमच्याच हितासाठी लेस्टरला येऊ नका. भाई हसत सांगत, “त्या जाहिरातीमुळेच तर आम्हांला गावाचं नाव कळलं.” होजिअरीच्या कारखान्यात त्यांनी सत्तावीस वर्षे काढली. त्या काळी फुटबॉलच्या मैदानाकडे आपली माणसे फिरकत नसत; सामन्याच्या दिवशी टोळकी हिंडत, शिव्या देत, कधी हातही टाकत. भाई शनिवारी दुपारी दार लावून घरात रेडिओ ऐकत. मुलगा मोठा झाला आणि हट्ट धरून बसला, तेव्हा ते पहिल्यांदा मैदानावर गेले. नवे मैदान २००२ मध्ये झाले, तेव्हापासून बापलेकांच्या दोन खुर्च्या शेजारी शेजारी. आता मुलगा लंडनला गेला होता आणि त्याची खुर्ची बहुधा रिकामी असे.

मी लेस्टरला पोचलो त्याच्या आठवडाभर आधी, ८ डिसेंबरला, आमच्या संघाने ब्रायटनविरुद्ध घरच्या मैदानावर दोन गोल केले होते. (आमचा संघ असे मी केव्हापासून म्हणू लागलो कोण जाणे!) त्यानंतर घरच्या मैदानावर गोल म्हणून झाला नाही. नाताळच्या आधी वुल्व्ह्जकडून ०-३. नाताळनंतर मँचेस्टर सिटीकडून ०-२. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी क्रिस्टल पॅलेसकडून ०-२. तीन दिवसांनी फुलहॅमकडून ०-२. भाईंनी तारखा ताडून पाहिल्या, माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले आणि गंभीरपणे विचारले, “तुमचं परतीचं तिकीट कधीचं आहे?” लेक रागावली. पण पायगुण ही गोष्ट एकदा बोलली गेली की ती घरात राहायलाच येते. फेब्रुवारीत आर्सेनलकडून ०-२ झाले तेव्हा नातवाने, माझ्या सख्ख्या नातवाने, पुढच्या सामन्याला मला दुसऱ्या खोलीत बसायची विनंती केली.

भाईंचा उपाय उलटा होता. त्यांचे म्हणणे, पायगुण जवळ नेऊन मोडावा लागतो. २१ फेब्रुवारीला, शुक्रवारी रात्री, ब्रेंटफर्डच्या सामन्याला त्यांनी मुलाच्या खुर्चीचे तिकीट रीतसर माझ्या नावावर करून दिले. अंगावर दोन स्वेटर, कानटोपी, वर जावयाचा कोट. दिव्यांच्या झगझगाटात ते गवत इतके हिरवे दिसत होते की मला क्षणभर नवरात्रातल्या घटाची आठवण झाली. संघ मैदानात येताना तिथे जुनी तुतारी वाजवतात. संघाचे बोधचिन्ह कोल्हा. तुतारी वाजली, लोक उभे राहिले, आणि पुढच्या दीड तासात ब्रेंटफर्डने चार गोल मारले. आम्ही शून्य.

हरणे मला नवे नव्हते. पण त्या रात्री एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. गोल खाल्ल्याचे दुःख माणसे सोसतात. एक शिवी हासडतात आणि पुन्हा पुढे वाकून बसतात. त्यांना खाऊन टाकते ते ओरडायला काही न मिळणे. तीस हजार माणसे घरून एक आरोळी घेऊन आलेली असतात आणि ती तशीच घरी न्यावी लागते. तिसऱ्या गोलनंतर लोक उठू लागले. भाई उठले नाहीत. “तिकीट नव्वद मिनिटांचं आहे,” ते म्हणाले. त्यांचा गुडघा दुखत होता. परतताना बसथांब्यापर्यंत आम्हांला पाऊण तास लागला.

पुढे मार्चमध्ये मँचेस्टर युनायटेडकडून ०-३, एप्रिलमध्ये न्यूकॅसलकडून ०-३. न्यूकॅसलच्या सामन्यात शेवटी शेवटी जेरेमी मोंगा नावाच्या मुलाला मैदानात धाडले. वय पंधरा वर्षे २७१ दिवस! इतरांच्या सदऱ्यांवर छातीशी जुगाराच्या कंपनीचे नाव होते. याचे वय लहान म्हणून त्याचा सदरा कोरा. मला तो कोरा सदरा फार आवडला. त्या सबंध वर्षात त्या संघाच्या अंगावर तेवढीच एक जागा स्वच्छ दिसली, असे म्हटले तरी चालेल.

२० एप्रिलला ईस्टरचा रविवार होता आणि सामना लिव्हरपूलशी. इथे आमच्या घरात एक कठीण प्रसंग होता. जावई पुण्याच्या कॉलेजात असल्यापासून लिव्हरपूलचे भक्त. सगळे भाईंच्या घरी टीव्हीपुढे बसलो. पाऊण तास गेला, तास गेला, ०-० होते. शेवटची पंधरा मिनिटे राहिली असतील, तेव्हा ट्रेंट अलेक्झांडर-आर्नल्डने गोल केला. जावईबापू चटकन उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. मला त्यांचे कौतुक वाटले. त्या गोलने लेस्टरचा पाट उठला. अजून पाच सामने शिल्लक असताना. घरच्या मैदानावर लागोपाठ नऊ सामने, एकही गोल न करता: इंग्लंडच्या वरच्या वर्गात असे पूर्वी कधी झाले नव्हते. नऊ सामन्यांत खाल्लेले गोल बावीस. ही बेरीज मी पुन्हा पुन्हा करून पाहिली. नातू काही बोलला नाही. भाईंच्या पत्नीने सगळ्यांना चहा दिला आणि टीव्हीचा आवाज बंद केला.

आता थोडे हिशेबाचे. हिशेबनिसाला गप्प बसवत नाही, वाचकांनी माफ करावे. लोक प्रशिक्षकावर खापर फोडत होते. हंगामाची सुरुवात स्टीव्ह कूपर यांनी केली. नोव्हेंबरात, अवघ्या बारा सामन्यांनंतर, त्यांना काढले. संघ तेव्हा सोळावा होता, म्हणजे काठावर का होईना, पंगतीत होता. मग रूड व्हान निस्टलरॉय आले. स्वतः गोलांचा पाऊस पाडलेला माणूस, आणि त्याच्या हाताखालचा संघ गोलावाचून कोरडा! शेवटी ३८ सामन्यांत सहा विजय, पंचवीस पराभव, गुण २५, क्रमांक अठरावा. पण खालून वर आलेले बाकीचे दोघे, इप्सविच आणि साउथहॅम्प्टन, तेही त्याच वर्षी खाली गेले. त्याच्या आदल्या वर्षीही वर आलेले तिघेच्या तिघे खाली गेले होते. तेव्हा दोष केवळ माणसांचा नव्हे; वरच्या पंगतीतल्या ताटांचे आकारच वेगळे झाले आहेत. टीव्हीचा पैसा वरच्यांना इतका मिळतो की एक वर्ष वर राहणे आणि दहा वर्षे वर राहणे यांत सावकार आणि कूळ एवढे अंतर पडते. एकाच वर्षात खाली पडणाऱ्याला दोन वर्षे काही रक्कम देतात. तिला पॅराशूटचे पैसे म्हणतात. वरच्यांना समान वाटून मिळणाऱ्या हिश्श्याच्या पहिल्या वर्षी ५५ टक्के, दुसऱ्या वर्षी ४५. नाव मोठे समर्पक आहे. पॅराशूट पडणे थांबवत नाही, हाडे वाचवते.

आणि लेस्टरने चांगल्या दिवसांत पगार वाढवून ठेवले होते. २०२१-२२ मध्ये तोटा सव्वानऊ कोटी पौंड, २०२२-२३ मध्ये जवळजवळ नऊ कोटी. तेव्हा नियम असा होता की वरच्या वर्गातल्या संघाने तीन वर्षांत मिळून साडेदहा कोटींहून जास्त तोटा करू नये. ते आकडे वाचले तेव्हा मला आमच्या गिरणीचा ताळेबंद आठवला. तिथेही तेजीच्या दोन वर्षांत असेच हात सैल सोडले होते. आणि मंदी आली तेव्हा कात्री लागली ती मात्र खालच्या मजल्यावर.

या सगळ्या पडझडीत एक माणूस होता. त्याचे नाव जेमी वार्डी. २०१२ च्या मे महिन्यात लेस्टरने त्याला फ्लीटवूड नावाच्या लहानशा संघाकडून दहा लाख पौंडांना घेतले. त्याआधी हा गडी दिवसा कारखान्यात मोडक्या हातापायांना बांधायच्या पट्ट्या तयार करी आणि संध्याकाळी फुटबॉल खेळे. पंचविशी उलटल्यावर मोठ्या फुटबॉलमध्ये आला. २०१५ मध्ये लागोपाठ अकरा सामन्यांत गोल करून त्याने प्रीमियर लीगचा विक्रम केला. विजेतेपद, कप, घसरण, पुन्हा चढण, सगळ्यांत तो होता. २०१६ च्या संघातले बाकीचे मोठ्या घरी गेले, हा राहिला. लिव्हरपूलच्या सामन्यानंतर चार दिवसांनी, २४ एप्रिलला, जाहीर झाले की हंगामाअखेर तो लेस्टर सोडणार. वय ३८. त्याने त्या आठवड्यात लोकांची माफीही मागितली होती. सारवासारव केली नाही.

३ मेला साउथहॅम्प्टनशी सामना. दोन्ही संघ आधीच बुडालेले, म्हणून वर्तमानपत्रे थट्टा करत होती. त्या दिवशी नऊ सामन्यांचा उपास सुटला. पहिला गोल वार्डीचा; सामना २-०. नातू जिन्यावरून धावत खाली आला आणि मला मिठी मारून म्हणाला, “आजोबा, तुम्ही सुटलात!”

शेवटचा घरचा सामना १८ मेला, इप्सविचशी. त्यानंतर बोर्नमथला एक सामना उरला होता, पण वार्डी तिथे खेळणार नव्हता. इप्सविचचा सामना त्याचा लेस्टरकडून पाचशेवा, आणि त्याच्या नावावर गोल १९९. निरोप आपल्या घरी घ्यायचा, परगावी नाही, असे त्याने ठरवले होते. भाईंनी पुन्हा मला बरोबर नेले. ऊन पडले होते. भाईंच्या गळ्यात निळा पंचा, म्हणजे मफलरच, पण इतका जुना आणि विरलेला की मला पंचाच वाटे. अर्ध्या तासाच्या आत वार्डीने गोल केला. दोनशे! मी ओरडलो. काय ओरडलो ते सांगत नाही. ते सोलापुरी होते. ऐंशीव्या मिनिटाला त्याला बाहेर बोलावले, तेव्हा खेळ थांबला. खेळाडू दुतर्फा रांगा करून उभे राहिले आणि त्या रांगांमधून तो टाळ्या घेत बाहेर चालत गेला. पुढच्या वर्षी संघ खालच्या वर्गात असणार हे त्या मैदानातल्या प्रत्येकाला ठाऊक होते, आणि तरी कोणी जागेवरून हलले नाही.

माझ्या शेजारी भाई रडत होते. मला वाटले वार्डीसाठी. ते म्हणाले, “आमच्या कारखान्यात शुक्रवारी पगाराच्या पाकिटात चिठ्ठी आली. सोमवारी येऊ नका, एवढंच. मी सत्तावीस वर्षं होतो. माझा चहाचा कप अजून तिथंच असेल.”

मी त्यांना माझे सांगितले. आमची गिरणी बंद झाली तेव्हा चिठ्ठीही नव्हती. सकाळी सातच्या पाळीला माणसे डबे घेऊन आली, तर दाराला कुलूप आणि त्यावर टंकलेखन केलेला एक कागद. विणकामखात्यातले एक म्हातारे जॉबर होते. ते वाचू शकत नव्हते, त्यांनी मला विचारले, “साहेब, काय लिवलंय?” मी वाचून दाखवले. ते बराच वेळ उभे राहिले आणि मग म्हणाले, “माझ्या मागावर अर्धं ठाण राहिलंय.” पुढे कित्येक महिने आमचे देणे थकले, पण मला आठवते ते अर्धे ठाण. माणसाला उठवायचे तर उठवा. पण हात धुवायला पाणी तरी द्याल की नाही?

म्हणून त्या उन्हाळ्यात क्लबाने जे निर्णय घेतले आणि घेतले नाहीत, ते मी फार बारकाईने पाहत होतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी सोलापूरला परतलो; पण भाईंचा दर रविवारी फोन येई. वार्डीचा निरोप ज्या घराने इतक्या देखणेपणाने केला, त्याच घराने प्रशिक्षकाला मात्र ताटकळत ठेवले. पाट उठल्याला महिना झाला, हंगाम संपला, व्हान निस्टलरॉय राहणार की जाणार याबद्दल अक्षर नाही. २७ जूनला एकदाचे जाहीर झाले की ते जाणार. त्यांचा बदली माणूस, स्पेनचे मार्ती सिफुएंतेस, १५ जुलैला आले. सराव तोवर सुरूही झाला होता. ते काम कसे करतील याची मला काळजी नव्हती. दोन-अडीच महिने ज्या कचेरीत कोणाला काही सांगितले जात नाही, त्या कचेरीचा वास मला ओळखीचा होता. सैन्यात म्हणे पराभवापेक्षा हुकूम न येणे वाईट असते. गिरणीतही तसेच असते.

बाकी उन्हाळा विकण्यात गेला. गोलरक्षक मॅड्स हर्मानसन वेस्ट हॅमला, विल्फ्रेड एनडिडी तुर्कस्तानात बेशिक्ताशला, जेम्स जस्टिन लीड्सला, बिलाल अल खन्नूस उसनवारीवर जर्मनीत श्टुटगार्टला. वार्डीला निरोप देताना दुसरा गोल मारणारा केसी मॅकअटीअर थेट इप्सविचलाच गेला. याला मी नावे ठेवत नाही. खर्च उत्पन्नाच्या आत आणायचा तर विकावेच लागते, आणि विकले जाते ते घरातले चांगलेच भांडे, फुटके कोणी घेत नाही. आले कोण, तर बहुतेक फुकट किंवा उसने. वार्डी ३८ वर्षांचा म्हणून गेला आणि त्याच उन्हाळ्यात ३८ वर्षांचे गोलरक्षक अस्मिर बेगोविच आले! भाई फोनवर म्हणाले, “म्हणजे आम्हांलाही अजून बोलावणं येईल.” वार्डी स्वतः १ सप्टेंबरला इटलीत क्रेमोनाच्या संघात गेला. व्हायोलिनांसाठी जगप्रसिद्ध असलेले ते गाव. तिथेही तो संघ नुकताच वरच्या वर्गात आलेला, म्हणजे पुन्हा काठावरच.

एक निर्णय मात्र वर्तमानपत्रात आला नाही. वर्षभराच्या तिकिटांच्या नूतनीकरणाची मुदत भाईंपुढे होती. गुडघ्याची शस्त्रक्रिया डॉक्टरांनी सुचवलेली, मुलगा लंडनहून सांगत होता की आता पुरे, दोन्ही खुर्च्या सोडून द्या, खालच्या वर्गाचा खेळ टीव्हीवर पाहा. भाईंच्या पत्नीचेही तेच मत. माझी लेक मला फोनवर म्हणाली, “बाबा, भाई चार दिवस बोलत नाहीत कोणाशी.” इकडे जावयांनी नातवाला लिव्हरपूलचा लाल सदरा आणून ठेवला होता. शाळेत निम्म्या वर्गाच्या अंगावर जिंकणाऱ्यांचेच सदरे असतात, मग याच्याच वाट्याला रोजची थट्टा का, हा त्यांचा मुद्दा. आणि तो बिनतोड होता. मुलाने लाल सदरा घडी मोडल्याशिवाय कपाटात ठेवला आणि भाईंकडे जाऊन विचारले, की खालच्या वर्गात कोणकोण संघ असतात?

भाईंनी नकाशा काढला म्हणे. कॉव्हेंट्री, डर्बी, बर्मिंगहॅम: ही तर बसने जाण्याजोगी गावे. मग हल, प्रेस्टन, पोर्ट्समथ, रेक्सहॅम. भाई यांतल्या कितीतरी गावांना होजिअरीचा माल पोचवायला गेले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही खुर्च्यांचे पैसे भरले. दुसरी खुर्ची मुलाच्या नावावरून माझ्या नातवाच्या नावावर झाली. जावयांनी अर्धे पैसे देऊ केले, ते भाईंनी घेतले नाहीत. त्यावरून दोन्ही घरांत थोडी नाराजीही झाली.

नव्या हंगामाचा पहिला सामना १० ऑगस्ट २०२५ ला, लेस्टरच्याच मैदानावर, शेफील्ड वेन्झडेशी झाला. पुढे त्या हंगामात काय झाले ती हकीगत निराळी. शेफील्डच्या खेळाडूंचे पगार थकलेले होते. त्यांचे पाठीराखे मालकाचा निषेध म्हणून सुरुवातीची काही मिनिटे खुर्च्यांवर आलेच नाहीत. आधी गोल त्यांनीच केला. उत्तरार्धात लेस्टरने बरोबरी साधली आणि अगदी शेवटी वाउट फास या बचावपटूने दुसरा गोल करून सामना जिंकला. मी इथे रात्री उशिरापर्यंत जागा होतो. फोन आला तेव्हा नातवाचा घसा इतका बसला होता की त्याचे शब्द कळेनात. भाईंनी फोन घेतला. विजयाचे त्यांनी दोन वाक्यांत आटोपले. मग म्हणाले, “पण ती समोरची पोरं बघा. पगार नाही, तरी शेवटपर्यंत पळत होती. जाताना आम्ही उभे राहून त्यांच्यासाठीही टाळ्या वाजवल्या. तुमचा नातू विचारतो, त्यांचे पैसे कोण देणार?”

मी म्हटले, त्याला फोन द्या. पण तो तोवर झोपला होता.